येळवशीचा पेपर

बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, की तेरच्या बाकी बायकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मला पेपर आठवतो. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी मार्गशीर्ष सरत आला आणि गार वाऱ्यात कडब्याचा वास मिसळला, की मी मनातल्या मनात उजळणी सुरू करते. परवा शेंगा घेताना विकणारी मावशी म्हणाली, "ताई, काय पुटपुटायलाव?" काय सांगणार? एका फ्रेंच बाईचं नाव आठवतंय का ते बघत होते, असं म्हणाले असते तर तिनं शेंगा काढून घेतल्या असत्या.

आमच्या धाराशिव आणि शेजारच्या जिल्ह्यात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी अख्खं गाव उठून शेतात जातं. मागं राहतात ती कुलपं आणि ती हुंगत फिरणारी कुत्री. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, म्हणजे एवढीशी खोपी, आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. दगडांना पांडव म्हणायचं आणि लक्ष्मी म्हणून खणानारळानं त्यांची ओटी भरायची. पांडवांची ओटी कशी काय भरतात, हा प्रश्न आमच्याकडं आजवर कुणी विचारलेला नाही, कारण तोवर सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. मग भज्जी. ही तळलेली भजी नव्हे. तूर, वाल, वाटाणा, हरभरा, मेथी, पातीचा कांदा, रानात जे जे हिरवं सापडेल ते सगळं डाळीच्या पिठात एकत्र शिजवून केलेलं घट्ट कालवण. सोबत बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-मीठ घालून मुरवलेली ही आंबील प्यायली, की माणूस असेल तिथं आडवा होतो. ही माहिती पुढं लागणार आहे.

आता माझ्यासारखीचा आणि परीक्षेचा संबंध काय, तर मी संध्याकाळी गावातल्या वाचनालयात बसते. पुस्तकं देते, परत घेते, त्यांतून निघालेली बसची तिकिटं आणि वाळलेली फुलं कचऱ्यात टाकते. कधीतरी असं वाटलं की नुसती पुस्तकं इकडून तिकडं करण्यापेक्षा एखादा विषय शेवटपर्यंत शिकावा. कॉलेज लग्नामुळं अर्धवट सुटलं होतं, बी.ए. पुढं संसारातून वेळ काढून पुरं केलं, आणि मग दूरशिक्षणातून समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "पास झाल्यावर काय व्हतंय गं?"

"काही नाही."

"आन् नापास झाल्यावर?"

"तेव्हाही काही नाही."

"मग बरंय," अक्का म्हणाल्या. "नुसकान न्हाय कशात."

नुकसान नाही असं मलाही वाटत होतं. पण बाकी सगळे पेपर सुटत गेले आणि 'स्त्रीवादी विचारवंत' हा एकच राहिला, तसतशी माझी झोप कमी होत गेली. त्या पेपरात मी एकदा गचकले होते. विचार येत होते, नावं येत नव्हती. अमेरिकेतल्या बाईला मी इंग्लंडला पाठवलं, गेलेलीला जिवंत केलं, आणि एकीचं सगळं आयुष्य दुसरीच्या नावावर लिहून मोकळी झाले. ती नावं ह्या लेखातही घेत नाही, कारण आजही चुकतील आणि एखादे निवृत्त प्राध्यापक मला भेटायला तेरपर्यंत येतील. त्यात नोंदणीची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती. ह्या खेपेला पेपर सुटला नाही, तर आधी सुटलेलेही सगळे पाण्यात जाणार होते. लग्नानं एकदा अर्धं सोडायला लावलं होतं. दुसऱ्यांदा अर्धं सोडायची माझी तयारी नव्हती, आणि हे मी कुणाला मोठ्यानं सांगितलंही नव्हतं. बाईनं काही हवंय असं मोठ्यानं म्हणायचं नसतं, हेही माझ्या अभ्यासक्रमात होतंच.

मागच्या गल्लीतली रेहाना माझ्याबरोबर त्याच पेपरला बसत होती. ती शिवणक्लास चालवते, तिच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिच्याकडं स्कूटी आहे, म्हणून आमच्या दोघींत ती जास्त आधुनिक. येळवशीच्या आधीचे दिवस. आमच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन आम्ही शेंगा सोलत बसलो होतो: सासूबाई, मी आणि मदतीच्या नावाखाली दाणे खाणारी रेहाना.

"नाव ध्यानात राहत न्हाय ना तुझ्या? मग नाव सोड, माणूस धर," ती म्हणाली. "आपल्यातलं एकेक माणूस एकेकीला देऊन टाक. मी तसंच करते. क्लासच्या पोरींचे ब्लाउज मला नावानं न्हाय, गळ्यावरून आठवतात."

कल्पना मला फार आवडली. तिथल्या तिथं वाटप सुरू झालं. फ्रान्समधल्या बाईचं म्हणणं असं की मूल मुलगी म्हणून जन्मतं खरं, पण 'बाई' तिला बाकीचे बनवतात. असं बसू नको, तसं हसू नको, हे करत करत बनवतात. ती मी सासूबाईंना दिली. लग्न होऊन आल्यावर मी पातेल्यावर झाकण ठेवताना आवाज केला, तेव्हापासून त्यांनी मला घडवायला घेतलं होतं आणि काम अजून पुरं झालेलं नव्हतं. इंग्लंडातली म्हणायची, बाईला लिहायचं असेल तर स्वतःची मिळकत पाहिजे आणि आतून कडी लावता येईल अशी एक खोली पाहिजे. ती अक्कांना. आमच्या घरात आतून कडी लागते ती एकाच ठिकाणी, आणि अक्का तिथंच मोबाइल घेऊन बराच वेळ बसतात. बाहेरून पोरं दार वाजवतात, आतून अक्कांचा आवाज येतो, "कामात हाय." आधुनिक घर, सगळी यंत्रं, गोजिरवाणी मुलं, आणि तरी दुपारी खिडकीत उभं राहून 'एवढंच का?' असं वाटणाऱ्या गृहिणींबद्दल जिनं लिहिलं, ती माझ्या पुण्याच्या नणंदेला दिली. ती फोनवर तासभर बोलते आणि काय बिनसलंय ते शेवटपर्यंत सांगत नाही. घरकाम हे काम आहे, प्रेमाचं नाव देऊन ते फुकटात करून घेतलं जातं, असं म्हणणाऱ्या बायकांच्या आख्ख्या गटासाठी मी आमच्या ह्यांना नेमलं. हे शाळेत क्लार्क आहेत, स्वभावानं गरीब आहेत, पण चहाचा कप जिथं पितात तिथंच तो ठेवतात, आणि तो कप आपोआप धुतला जाऊन फळीवर जातो असं त्यांना मनापासून वाटतं.

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी सूप पाखडलं आणि विचारलं, "माझ्या नावावर कोण दिलीस म्हनं?"

"फ्रान्सची बाई, आत्या. लई शिकलेली होती."

"लेकरं किती तिला?"

"नव्हती. लग्नच केलं नव्हतं तिनं."

आत्यांनी सुपातला कचरा बाजूला सारला. "मग बराबर हाय. येळ मिळाला आसंल लिवायला."

रेहाना इतकी हसली की दाणे सांडले. मग ते वेचता वेचता म्हणाली, "ती अमेरिकेतली काळी बाई आहे बघ, जी बाकीच्या लिहिणाऱ्या बायकांना विचारती, तुम्ही 'आपण बायका, आपण बायका' म्हणता त्यात आम्ही धरलोय का? ती मला दे."

"तुला का?"

"संक्रांतीला हळदीकुंकवाचं आवतन द्यायला अख्खी गल्ली फिरतीस तू. माझ्या दारात आलीस की म्हणतीस, काय रेहाना, बरंय ना? आन् पुढं जातीस."

ती हसतच म्हणाली. मी हातातली शेंग उघडली, आत अळी होती. त्या अळीकडं मी इतकं लक्ष देऊन पाहिलं की प्राणिशास्त्राचा पेपर असता तर पहिल्या वर्गात आले असते.

पुस्तकात वाचताना विचार कसे शहाण्यासारखे बसलेले असतात. परिच्छेदात, समासाच्या आत, शेवटी प्रश्नावलीसह. अंगणात आणले की ते असे इकडं तिकडं उड्या मारतात, कधी दुसऱ्याच्या अंगावर, कधी आपल्याच. त्या दिवसांत मला घरातलं कुणी नुसतं माणूस म्हणून दिसेना. अक्का दिसल्या की खोली आठवायची, ह्यांचा कप दिसला की श्रमाचा सिद्धान्त. एकदा ह्यांनी विचारलं, "माझ्याकडं बघून असं का हसतेस?" मी म्हणाले, "तुम्ही वीस गुणांना आहात."

मग वेळापत्रक आलं. पेपर नेमका येळवशीच्या दिवशी. विद्यापीठ दूरच्या शहरातलं. तिथल्या कॅलेंडरात त्या दिवशी नुसती अमावस्या. त्या दिवशी आमच्या दोन जिल्ह्यांत माणूस गावात सापडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. त्यांचा दोष तरी कसा काढावा? आम्हालाही त्यांच्याकडचे सण कुठं माहीत आहेत?

खरी अडचण स्वयंपाकाची नव्हती. आत्या आणि मी मिळून तो आदल्या दिवसापासून लावला असता. अडचण ओटीची होती. लक्ष्मीची ओटी घरच्या सवाशिणीनं भरायची, आणि ती शेतात, नैवेद्य पुढं ठेवून, ऐन दुपारी. दरवर्षी अक्का भरतात. पण अक्कांच्या लेकीचं बाळंतपण उमरग्याला तिच्या सासरी निघालं होतं आणि अक्का तिकडं गेल्या होत्या. थोरले भावजीही त्यांच्यासोबत. म्हणजे घरात सवाशीण मी एकटी, आणि ऐन दुपारी मी धाराशिवला पेपर लिहीत असणार.

जेवायला बसल्यावर ह्यांनी तोडगे काढायला सुरुवात केली. "चुलत्याच्या सुनेला बोलवू."

"तिच्या शेतात तिची कोप नाही का?"

तीच तर गंमत. त्या दिवशी प्रत्येक घराची स्वतःची कोप, प्रत्येक कोपीला स्वतःची सवाशीण. उसनी द्यायला गावात एकही शिल्लक नसते. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता पुन्हा डोकं चालवलं. "रेहानाभाभी हायत की. दरसाल जेवायला येतात शेतात. त्या बी सवाशीणच."

"तिचाही पेपर आहे," मी म्हणाले. ह्यांच्या तोंडून त्या महिन्यात निघालेला तो सर्वांत पुरोगामी विचार होता आणि तो अशा रीतीनं वाया गेला.

शेवटी मी मान खाली घालून म्हणाले, "राहू द्या. नाही देत पेपर." हे म्हणताना माझा आवाज कापला असावा अशी माझी अपेक्षा होती. असं म्हटल्यावर समोरचा 'छे छे, असं कसं' म्हणतो, असाही माझा समज होता.

"बरं," हे म्हणाले आणि त्यांनी ठेचा वाढून घेतला.

मी पाण्याचा तांब्या उचलायला म्हणून आत गेले आणि तशीच उभी राहिले. बाहेरून आत्यांचा आवाज आला. "ती पेपरला जाईल. हितलं मी बघते."

"बघते म्हंजे काय करतेस, आई?"

"बघते म्हंजे बघते. तू आंबिलीचं मडकं नीट डोस्क्यावर घे म्हंजे झालं. गेल्या साली बांधावर निम्मी सांडलीस."

आत्यांनी 'बघते' म्हटल्यावर आमच्या घरात पुढं विचारायची पद्धत नाही. मी समजले, कुणाला तरी गाठतील. कुठल्या तरी कोपीवरची सवाशीण घटकाभर मागून आणतील. मला त्या वेळी एवढंच कळलं की मी पेपरला जाणार. मी तांब्या न घेताच बाहेर आले आणि आत्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. त्यांनी ती अर्धी मोडून परत दिली आणि म्हणाल्या, "आब्यास कर. मला भाकरी नगं."

येळवशीच्या सकाळी रेहानाच्या स्कूटीवरून आम्ही निघालो. तेरणेकाठचा धुक्याचा पट्टा नुकता विरत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कणसांनी वाकलेली ज्वारी, त्यातून डोकावणाऱ्या नव्या कडब्याच्या कोपी, पांढरेशुभ्र दगड, घोंगडं पांघरून डोक्यावर मडकी घेतलेले बाप्ये एकामागं एक बांधावरून चाललेले. वर्षातला हा एक दिवस आमच्याकडं पुरुष डोक्यावर अन्न वाहतात, आणि काय जपून वाहतात. मी मागं बसून उजळणी करत होते आणि डोळ्यांना उजळणी नको होती.

येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नसतं. ओळख असो, नसो. पहिल्याच वळणावर एक म्हातारबुवा हात आडवा करून रस्त्यात उभे राहिले.

"कुठं निघालाव पोरींनो आज?"

"पेपर आहे, बाबा."

"पेपर उद्या दे की. आज येळवस हाय."

"उद्या घेत नाहीत, बाबा."

"मग आंबील तरी पिऊन जावा. उपाशीपोटी काय लिवताव?"

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पुढच्या वळणावर दुसरे, त्यापुढं तिसरे. नैवेद्य व्हायचा होता म्हणून जेवण नाही, पण आंबील सगळीकडं. गार, आंबट, लसणाची. रेहानानं शहाणपणानं ओठाला लावून लोटा परत दिला. गाडी चालवायची होती तिला. मी मात्र प्रत्येक ठिकाणी भक्तिभावानं रिकामा केला. धाराशिवच्या चढावर माझं डोकं रेहानाच्या पाठीवर टेकलं होतं.

"ए विचारवंत," ती ओरडली, "उतर, आलं कॉलेज."

कॉलेज ओस पडलेलं. वर्गात आम्ही मोजकी टाळकी आणि पर्यवेक्षक सर, ज्यांचं शरीर वर्गात आणि जीव कुठल्या तरी शेतात होता. माझ्या डोळ्यांवर आंबील चढलेली. पहिलं उत्तर कसंबसं लिहिलं आणि वाचून पाहिलं तर एका ठिकाणी स्पष्ट अक्षरात लिहिलेलं, "ह्याउलट अक्कांच्या मते स्वतंत्र खोली आवश्यक आहे." खोडलं. पुढं ह्यांचं नाव निघालं, तेही खोडलं.

मग तो प्रश्न आला. स्त्री घडवली जाते, ह्या विचाराची आपल्या परिसरातील उदाहरणांसह चर्चा करा. फ्रान्सची बाई. आत्यांची बाई.

मी लिहायला लागले ते पातेल्याच्या झाकणापासून. पण लिहिता लिहिता झाकण मागं राहिलं आणि आत्याच डोळ्यांपुढं आल्या. शेतातल्या आत्या. आंबील त्यांच्या हातची, उंडे त्यांच्या हातचे, दगडांना चुना त्यांनी लावलेला, कोप नीट उभी राहिली का ते त्याच बघतात. आणि ओटीची वेळ आली की त्या उठून चुलीपाशी जाऊन बसतात, पाठमोऱ्या, काहीतरी ढवळत. मामंजी गेल्यापासून दरसाल. कुणी त्यांना जा म्हणत नाही. म्हणावं लागत नाही, इतकं ते पक्कं शिकवलेलं. मला वाटायचं, त्यांना भज्जीची काळजी. भज्जी तर तेव्हा शिजून खाली उतरवलेली असते. मग त्या ढवळत काय असतात?

माझी झोप उडाली. एका बाईला सवाशीण म्हणून घडवायला लहानपणापासूनची किती वर्षं लागतात, आणि नवरा गेल्याच्या सकाळी तेच लोक तिला कसे मोडून ठेवतात, असं मी लिहीत गेले. हात तोच, त्याची चव तीच, फक्त तो लक्ष्मीला चालत नाही. ओटी कोण भरणार म्हणून आम्ही घरात एवढी चर्चा केली, गावभरच्या सुना मोजल्या, ताटाच्या पलीकडं बसलेल्या बाईचं नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. मी लिहिलं की माझ्या परिसरातली ही स्त्री आजही, ह्या क्षणी, पूजेकडं पाठ करून चुलीपाशी बसली असेल. 'ह्या क्षणी' ह्या शब्दांखाली मी रेघ मारली.

त्या पेपरात मी पास झाले, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल. गुण बेताचे. रेहानाला माझ्यापेक्षा बरेच जास्त, आणि ते ती अजून विसरू देत नाही. पदवीचा कागद अक्कांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं." खरंच बरं झालं. त्या लांबच्या, नावं न राहणाऱ्या बायकांनी मला काही फार नवीन सांगितलं असं नाही. त्यांनी नुसतं बोट दाखवलं, की बघ, हे तुझ्यासमोरच आहे. मला ते रोजच्या जेवणाच्या ताटापलीकडचं दिसायला पन्नास किलोमीटरचा फेरा आणि प्रश्नपत्रिका लागली, हा दोष माझ्या चष्म्याचा. पण दिसलं. त्यांनी कुठल्या कुठल्या देशांत, कसल्या कसल्या जाचात बसून लिहिलं, त्यातल्या कुणाला ठाऊक असणार की ते तेरच्या एका अंगणात शेंगांच्या सालींमध्ये जाऊन पडेल? आपल्याकडच्याही होत्याच, शेणमातीचा मारा अंगावर घेत शाळेत शिकवायला जाणारी, पुरुषांच्या लेखी जे दोष बायकांचे ते खरे कुणाचे असं चिडून विचारणारी. त्यांना तर घरातलं कुणाचं नाव द्यायची गरजही पडली नाही. ह्या सगळ्यांचं मी देणं लागते आणि ते फिटणार नाही. मी फार तर भज्जी खायला घालू शकले असते.

तर, त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी रेहानाला म्हणाले, "आज आत्यांशी बोलणार आहे."

"काय बोलणार?"

मी तिच्या कानाशी सगळं भाषण म्हणून दाखवलं. सवाशीणपण, समाज, हात, लक्ष्मी. पुढल्या वर्षी ओटी तुम्ही भरायची, मी तुमच्या पाठीशी उभी राहीन, घाबरू नका. वारा असल्यामुळं मला ओरडून म्हणावं लागत होतं आणि त्यामुळं ते जास्तच क्रांतिकारक वाटत होतं.

"छान आहे," रेहाना म्हणाली. "पण थोडं आखूड कर. भूक लागलीय."

शेतात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पंगती उठल्या होत्या, पोरं बोरांच्या मागं गेली होती, शेजारच्या शेतातले चुलत सासरे, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते आंबिलीच्या अमलाखाली बांधावर आडवे झाले होते. आत्या चुलीपाशी आमच्यासाठी भज्जी गरम करत होत्या. पाठमोऱ्या. माझ्या मनात भाषण उभं राहिलं. तेवढ्यात हे लगबगीनं पुढं आले, नको तितक्या हळू आवाजात.

"अगं, आईनं भरली."

"काय भरलं?"

"ओटी. कोपीपुढं बसली. मला वाटलं पाया पडती. तर तिनं सूप वडलं, खण घेतला, नारळ घेतला, आन् लागली भरायला. तात्या आलते पूजेला. ते म्हणले, वैनी, आवो तुमी कशाला, थांबा, आमच्या सुनंला हाक मारतो."

"मग?"

"आई म्हणली, तात्या, आंबील माझ्या हातची पिताव, उंडं माझ्या हातचं खाताव. लक्ष्मीलाच तेवढा माझा हात टोचतो व्हय?"

"मग तात्या काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? टोपी सारकी केली आन् बसले. मी आपलं मडकं धरून उभा. मग आईच म्हणली, आता नैवेद दावा, पोरं भुकेजली. पयल्या पंगतीला तात्याच बसले."

मी कोपीत डोकावले. पाच पांढऱ्या दगडांपुढं हिरवा खण, नारळ, हळकुंडं. तांदूळ मात्र ओटीत कमी आणि मातीत जास्त पडले होते.

आम्ही जेवायला बसलो. रेहानानं उंडा कुस्करला आणि माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या. बोल की आता. मी ताट पुढं ओढलं. मी तिथं वर्गात बसून, रेघ मारून, ठासून जे लिहीत होते, ते मी लिहीत असतानाच इथं खोटं ठरत होतं. तपासणाऱ्यांना ते कधीच कळलं नाही. त्यांनी गुण दिले.

आत्यांनी माझ्या ताटात भज्जी वाढली, वर तेल सोडलं. "पेपर कसा गेला गं?"

"बरा गेला, आत्या. एक उत्तर चुकलं."

"कसलं?"

"तुमच्यावर लिहिलं होतं."

त्या पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मी शेंग निवडताना अळीची ठेवली तर बघतात, तसं बघत होत्या.

"मग लिवायच्या आदी मला इचारायचं की," त्या म्हणाल्या.